पार्सल पोचलं, पैसे परत गेले : परदेशी विक्रीतला चार्जबॅक

सावंतवाडीच्या चितारआळीतला लाखकामाच्या फळांचा संच टोरांटोला गेला, वेंगुर्ल्याचे काजूगर न्यू जर्सीला गेले, मालवणहून आगळाच्या बाटल्या लंडनला पोचल्या. ऑर्डर येतानाच कार्डावरून पैसे आले आणि चार दिवसांत बँकेत जमाही झाले. आपल्या हिशेबी व्यवहार मिटला. मग तीन महिन्यांनी गेटवेचा, म्हणजे कार्डाचे पैसे घेऊन आपल्या खात्यात जमा करणाऱ्या कंपनीचा मेल येतो : या ऑर्डरवर डिस्प्यूट (कार्डधारकाची बँकेकडे तक्रार) लागला आहे, रक्कम तुमच्या पुढच्या जमेतून कापली आहे, म्हणणं मांडायचं असेल तर अमुक तारखेपर्यंत पुरावे द्या. माल केव्हाच गेलेला, आता पैसेही गेले आणि वर डिस्प्यूटची फी.

यावर उपाय आहे, पण तो मेल आल्यावर शोधून सापडत नाही. पार्सलला चिकटपट्टी लावण्याआधीच त्याची तयारी झालेली असावी लागते. कारण निकाल देणारा बँकेचा कर्मचारी तुमचा माल कधीच बघणार नाही. तो फक्त कागद बघतो, आणि तेही थोडा वेळ.

पैसे मागे कसे जातात

आपल्याला यूपीआय आणि ओटीपीची सवय. ओटीपी टाकला, पैसे गेले, विषय संपला. अमेरिकेतली बरीचशी कार्डं मात्र ऑनलाइन खरेदीला ओटीपीशिवाय चालतात. कार्डाचा नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे पुरतात. त्यामुळे तिकडे ग्राहकाला संरक्षण दिलंय ते व्यवहारानंतर. एखादी रक्कम पटली नाही तर कार्डधारक स्वतःच्या बँकेला कळवतो. ती बँक व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या यंत्रणेतून तुमच्या गेटवेकडे रक्कम मागते, गेटवे ती तुमच्या खात्यातून वळती करतो आणि मग तुम्हाला विचारतो की तुमचं काय म्हणणं आहे. आधी पैसे, मग चौकशी. याला चार्जबॅक म्हणतात.

मुदत ऐकून बरेच जण चकित होतात. कार्डधारकाला साधारण १२० दिवस मिळतात. ‘माल मिळाला नाही’ अशी तक्रार असेल तर हे दिवस पैसे दिल्यापासून नव्हे, तर माल ज्या तारखेला पोचायला हवा होता तिथून मोजतात. व्हिसाच्या नियमात त्याला व्यवहारापासून ५४० दिवसांची कमाल मर्यादा आहे. पेपाल या ऑनलाइन पैसे देण्या-घेण्याच्या सेवेवर खरेदीदार पैसे दिल्यापासून १८० दिवसांत तक्रार उघडू शकतो. म्हणजे मे महिन्यातल्या ऑर्डरची तक्रार दिवाळीत आली तरी ती नियमात बसते.

नुकसान मोजताना फक्त ऑर्डरची रक्कम धरू नका. समजा ९० डॉलरची ऑर्डर आहे. ते ९० डॉलर गेले, माल गेला, टपालखर्च गेला, गेटवेची डिस्प्यूट फी गेली. ही फी बऱ्याच ठिकाणी तुम्ही जिंकलात तरी परत मिळत नाही. तुमच्या करारात काय लिहिलंय ते आजच वाचून घ्या. शिवाय डिस्प्यूटचं प्रमाण एका टक्क्याच्या आसपास गेलं की गेटवे प्रश्न विचारू लागतात, पैसे राखून ठेवतात, कधी खातंच बंद करतात. महिन्याला चाळीस ऑर्डरी करणाऱ्या बचत गटाचा एक डिस्प्यूट म्हणजे अडीच टक्के. लहान विक्रेत्याला एकेक डिस्प्यूट जड जातो तो यामुळे.

तक्रारींचे प्रकार कागदावर डझनभर आहेत, पण आपल्याकडे येणाऱ्या बहुतेक तिघांत मोडतात : ‘हा व्यवहार मी केलाच नाही’, ‘माल मिळाला नाही’ आणि ‘सांगितला तसा माल नाही’. गेटवेच्या मेलमध्ये कारणाचा क्रमांक असतो. व्हिसासाठी हे अनुक्रमे १०.४, १३.१ आणि १३.३. हा क्रमांक आधी बघायचा. तक्रार मालाच्या दर्जाची असताना पार्सल पोचल्याचा पुरावा पाठवून हरणारे विक्रेते पुष्कळ आहेत. पार्सल पोचलं हे गिऱ्हाईकही नाकारत नव्हतं.

‘मी घेतलंच नाही’

यात खरी कार्डचोरी असते, तसा नुसता विसरही असतो. विसराचं सगळ्यात साधं कारण म्हणजे स्टेटमेंटवर दिसणारं नाव. दुकानाचं नाव ‘कोकणचा मेवा’ आणि गेटवेवर नोंदणी मालकाच्या जुन्या फर्मच्या नावानं. तिकडच्या काकूंनी काजू घेतले हे त्यांना नीट आठवतं, पण स्टेटमेंटवर कुठल्यातरी एंटरप्रायझेसनं ९० डॉलर घेतलेले दिसतात. त्या बँकेला फोन लावतात. गेटवेच्या सेटिंगमध्ये स्टेटमेंटवरचं नाव बदलता येतं. जागा वीस-बावीस अक्षरांची असते, त्यात दुकानाचं ओळखीचं नावच टाका. ऑर्डरच्या पावतीतही एक ओळ घाला की तुमच्या कार्डाच्या स्टेटमेंटवर ही रक्कम या नावानं दिसेल. पाच मिनिटांचं काम आहे, आणि या अख्ख्या लेखातलं सर्वात स्वस्त.

दुसरं कारण घरातलंच : मुलाच्या कार्डावर आईनं आंबापोळी मागवली, मुलाला पत्ता नाही. यासाठी ऑर्डर देणाऱ्याचं नाव, फोन, पोच घेणाऱ्याचं नाव आणि भेट असेल तर तसा उल्लेख, एवढं ऑर्डरीत असू द्या.

खऱ्या चोरीपासून दोन तपासण्या वाचवतात. पहिली थ्रीडी सिक्युअर, म्हणजे कार्डधारकाच्या बँकेनं खात्री करून घेणं. ती पार पडली असेल तर ‘मी केलाच नाही’ या तक्रारीचा भार बहुतेक वेळा त्याच्या बँकेवर जातो, तुमच्यावर नाही. भारतीय कार्डांना ती असतेच. परदेशी कार्डांसाठी तुमच्या गेटवेवर चालू आहे का, हे विचारून घ्या. मात्र ही ढाल याच एका प्रकाराला लागू पडते. माल मिळाला नाही किंवा वेगळा निघाला, या तक्रारींना तिचा उपयोग शून्य. दुसरी तपासणी बिलिंग पत्त्याची. अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनच्या कार्डांवर दिलेला पत्ता बँकेतल्या पत्त्याशी जुळतो का, ते गेटवे सांगू शकतो.

चोराला गंजिफा (सावंतवाडीचे हातानं रंगवलेले खेळायचे पत्ते) कशाला हवा, असं वाटेल. त्याला गंजिफा नकोच असतो. कार्ड चालतंय का एवढंच बघायचं असतं. म्हणून पाच-सात डॉलरच्या लागोपाठ ऑर्डरी किंवा एकाच ग्राहकाची तीन कार्डं नाकारली जाऊन चौथं चालणं, ही खूण ओळखा. तसंच कार्ड एका देशाचं, पत्ता दुसऱ्या देशाचा, पहिल्याच ऑर्डरीत सगळ्यात महागडे दहा नग आणि ‘कुरियर कितीही महाग असला तरी चालेल’. यातली एखादी गोष्ट निरुपद्रवी असू शकते. एनआरआय मंडळी बहिणीला तिसऱ्याच देशात फराळ पाठवतात. दोन-तीन एकत्र दिसल्या तर मेल करून विचारा, आणि समाधान झालं नाही तर पैसे परत करून मोकळे व्हा.

दरवर्षी मागवणाऱ्या गिऱ्हाइकांच्या बाबतीत व्हिसाचा २०२३ पासूनचा एक नियम कामाचा आहे. त्याच कार्डावरचे, १२० ते ३६५ दिवस जुने, तक्रार न झालेले दोन व्यवहार तुम्ही दाखवलेत आणि आयपी पत्ता किंवा उपकरण यांपैकी एक धरून किमान दोन गोष्टी (दुसरी पोच पत्ता किंवा लॉगिन असू शकते) नव्या व्यवहाराशी जुळल्या, तर ‘मी केलाच नाही’ ही तक्रार टिकत नाही. त्यासाठी जुन्या ऑर्डरींची नोंद पुसू नका.

‘मिळालं नाही’

ट्रॅकिंग नसलेलं पार्सल परदेशी पाठवायचं म्हणजे पैसे उधार ठेवून पावती न घेण्यासारखं आहे. टपाल खात्याची स्पीड पोस्टची आंतरराष्ट्रीय सेवा किंवा लहान, हलक्या वस्तूंसाठीची इंटरनॅशनल ट्रॅक्ड पॅकेट सेवा घ्या. टपालाचा ट्रॅकिंग क्रमांक तेरा अक्षरांचा असतो : दोन अक्षरं, नऊ आकडे आणि शेवटी आयएन. हाच क्रमांक अमेरिकेत पोचल्यावर तिथल्या टपाल खात्याच्या साइटवरही चालतो, आणि पोच झाल्याची नोंद बहुधा तिथेच आधी दिसते. ती नोंद दिसेल त्या दिवशी पानाची पीडीएफ काढून ठेवा. तक्रार चौथ्या महिन्यात येते, आणि तोवर ट्रॅकिंगची नोंद साइटवरून गेलेली असू शकते.

ट्रॅकिंगमध्ये बहुधा गाव आणि पिनकोडच दिसतो, घराचा पूर्ण पत्ता नाही. हे भोक बुजवायला पार्सलवरच्या लेबलाचा वाचता येईल असा फोटो आणि कस्टमच्या सीएन २२ किंवा सीएन २३ फॉर्मची प्रत ठेवा. पेपालवर ७५० डॉलर आणि त्यापुढच्या रकमेला घेणाऱ्याची सहीही लागते. पेपालचं विक्रेता संरक्षण मिळायला माल व्यवहाराच्या पानावर असलेल्या पत्त्यावरच गेला पाहिजे. पैसे दिल्यावर गिऱ्हाईक चॅटवर ‘जरा या दुसऱ्या पत्त्यावर पाठवा हं’ म्हणालं, तर कितीही गोड बोललं तरी पैसे परत करा आणि योग्य पत्त्यानं नवी ऑर्डर घ्या. हेही लक्षात असू द्या की हे संरक्षण ‘मी केलाच नाही’ आणि ‘मिळालं नाही’ या दोनच तक्रारींना आहे. ‘सांगितला तसा नाही’ याला नाही.

पोचण्याची तारीख लिहिताना कोकणाचं वेळापत्रक धरा. जून ते सप्टेंबर आंबोली, करूळ, फोंडा या घाटांत दरड आली की गाड्या वळसा घालून जातात. गणपतीत तर कारागीर, पॅकिंगवाला आणि पार्सल न्यायला येणारा पोरगा, तिघंही घरी. त्या आठवड्यात आलेल्या ऑर्डरीला ‘दोन दिवसांत रवाना’ असं साइटनं आपोआप कळवलं की तक्रारीची पहिली वीट तुम्हीच रचलेली असते. रवाना होण्याचे दिवस आणि प्रवासाचे दिवस वेगवेगळे लिहा, आणि सुट्टीची सूचना ऑर्डरच्या पानावर ठेवा, फक्त फेसबुकवर नको. उशीर होणार हे कळल्यावर गिऱ्हाइकानं विचारण्याआधी तुम्ही कळवलंत तर बहुतेक जण थांबतात. विचारूनही उत्तर न मिळालेला माणूस थेट बँकेत जातो.

या प्रकारातली आताची मोठी डोकेदुखी म्हणजे तिकडची जकात. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलला असलेली सूट २९ ऑगस्ट २०२५ पासून सगळ्या देशांसाठी बंद झाली. युरोपीय संघात १ जुलै २०२१ पासून अगदी लहान पार्सललाही व्हॅट लागतो. ब्रिटनमध्ये १३५ पौंडांपर्यंतच्या मालाचा व्हॅट विक्रीच्या वेळीच घ्यायची पद्धत आहे. गिऱ्हाइकाला हे माहीत नसतं. दारात आलेला पोस्टमन जास्तीचे पैसे मागतो, गिऱ्हाईक चिडून पार्सल नाकारतं आणि बँकेत तक्रार करतं की माल मिळाला नाही. दर सतत बदलतात, म्हणून ते लेखात न देता एवढंच सांगतो : ज्या दिवशी बुकिंग त्या दिवशी टपाल काउंटरवर किंवा कुरियरकडे विचारा की जकात आधी भरून घेताय की तिकडे वसूल होणार. आधी भरता येत असेल तर ती किमतीत धरून आधीच भरा. नसेल तर पैसे देण्याच्या पानावर, चौकटीत टिचकी मारल्याशिवाय पुढे जाता येणार नाही अशा रीतीनं लिहा की आयात कर गिऱ्हाइकाकडे. त्याच्या देशाच्या कस्टमनं पार्सल अडवून धरलं असेल तर व्हिसाच्या नियमानं ‘मिळालं नाही’ ही तक्रार ग्राह्य नसते, पण ते ट्रॅकिंगमध्ये दिसावं लागतं.

‘कस्टमच्या फॉर्मवर भेटवस्तू म्हणा आणि दहा डॉलर लिहा’ अशी विनंती येईल. ती खोटी घोषणा आहे, त्याची जबाबदारी सही करणाऱ्याची, आणि पार्सल हरवलं तर भरपाई त्या दहा डॉलरांच्या हिशेबानं. वर डिस्प्यूटमध्ये तुमचाच फॉर्म तुमच्या बिलाविरुद्ध उभा राहतो.

खाण्याच्या वस्तूंना आणखी एक पायरी आहे. अमेरिकेत विक्रीसाठी जाणाऱ्या खाद्यपदार्थाची आगाऊ सूचना तिथल्या अन्न व औषध प्रशासनाला द्यावी लागते. ती नसेल तर पार्सल अडतं किंवा परत येतं, आणि ‘मिळालं नाही’ तेव्हा खरंच मिळालेलं नसतं. कुरियर ही सूचना भरून देतो का, हे आधी विचारा. ऑस्ट्रेलियात लाकडी वस्तूंवर सालीचा तुकडा किंवा किडीचं भोक दिसलं तर जैवसुरक्षावाले अडवतात. तिकडच्या ऑर्डरीतला प्रत्येक नग उलटसुलट करून बघा.

‘सांगितलं तसं नाही’

कोकणातल्या मालाला सगळ्यात जास्त धोका इथे आहे, कारण आपल्याला जे उघड वाटतं ते तिकडच्याला माहीत नसतं.

आगळ घ्या. आपल्याला ठाऊक आहे की आगळ म्हणजे कोकमाच्या रसात मीठ घालून टिकवलेलं, खारट-आंबट, सोलकढीसाठी. बाटलीचा लालबुंद फोटो बघून शिकागोतला माणूस ते गोड अमृत कोकम समजतो, पाण्यात घालतो, घोट घेतो आणि ‘खराब माल’ म्हणून फोटो काढतो. वर्णनाच्या पहिल्या ओळीत लिहा : खारट, साखर नाही, सरबताचा पाक नव्हे, इतक्या पाण्यात इतकं. आगळ गळलं की सगळ्या पार्सलला रंग लागतो, म्हणून झाकणाखाली उष्णतेनं चिकटणारं सील, बाटली वेगळ्या जाड पिशवीत, आणि बाटली दहा मिनिटं आडवी ठेवून मगच पॅकिंग.

आंबापोळीचा फोटो मे महिन्यातला, पिवळाधमक. डिसेंबरात तीच पोळी तपकिरीकडे झुकते. खराब झालेली नसते, पण फोटोशी ताडून बघणाऱ्याला शिळी वाटते. दोन्ही रंगांचे फोटो टाका आणि बनवल्याचा महिना छापा. काजूला ‘जम्बो’, ‘स्पेशल’ असले शब्द नकोत; त्यांचं माप कुणालाच माहीत नाही. प्रत लिहा. डब्ल्यू ३२० म्हणजे एका पौंडात ३०० ते ३२० अख्खे गर, डब्ल्यू २४० म्हणजे २२० ते २४०. सालासकट आहे की सोललेला, भाजलेला की कच्चा, तुकडा किती चालतो, हे सगळं आकड्यात. मोजता येणारं वर्णन बँकेच्या माणसालाही कळतं.

लाकडी वस्तूंचं दुखणं वेगळं आणि समजून घेण्यासारखं आहे. लाकूड आजूबाजूच्या हवेप्रमाणे ओलावा घेतं आणि सोडतं. ८० टक्के आर्द्रतेच्या हवेत, म्हणजे आपल्या पावसाळ्यात, ते साधारण १६ टक्के ओलाव्यावर स्थिरावतं. कॅनडात हिवाळ्यात हीटर चालू असलेल्या घरात हवा ३० टक्के आर्द्रतेची असते. तिथे हेच लाकूड ६ टक्क्यांपर्यंत सुकतं. एवढं आकसताना जोड सुटतात, लाखेच्या थराला तडे जातात, डब्याचं झाकण सैल होतं. गिऱ्हाईक खोटं बोलत नाही, पोचला तेव्हा नग चांगला होता आणि महिन्याभरात तडकला. जुलैत कातलेला नग लगेच थंड देशात पाठवू नका. लाकूड कातण्याआधी नीट सुकवलेलं असावं, साध्या ओलावा मोजणाऱ्या यंत्रानं तपासावं, आणि सोबत इंग्रजीत चिठ्ठी असावी : हीटरपासून दूर ठेवा, डबा काही दिवस बंद खोक्यातच राहू द्या. रंगछटा, कुंचल्याचे फटके, नगागणिक थोडा फरक हे हाताच्या कामात असतंच, पण ते वर्णनात लिहिलेलं नसेल तर डिस्प्यूटमध्ये दोष ठरतं.

गंजिफाच्या संचात पानं मोजून दाखवा. दशावतारी संचात १२० पानं, दहा अवतारांची प्रत्येकी बारा. एक पान कमी असल्याची तक्रार आली तर तुमच्या बाजूनं बोलेल तो फक्त पॅकिंगच्या वेळचा व्हिडिओ : बारा-बाराच्या दहा रांगा, शेजारी ऑर्डर क्रमांकाची चिठ्ठी, मग डबा बंद, मग लेबल, सगळं न तोडता एका सलग चित्रीकरणात. व्हिडिओ बँकेला पाठवता येत नाही, पण त्यातली तीन-चार स्थिरचित्रं पाठवता येतात. ‘रिकामा डबा आला’ या तक्रारीला काउंटरवरच्या पावतीतलं वजन उत्तर देतं. म्हणून घरी वजन करून आकडा लिहून ठेवा आणि पावतीवरच्या आकड्याशी लगेच ताडून बघा.

माल परत मागवायचा का, याचा विचार थंड डोक्यानं करा. परतीचा टपालखर्च अनेकदा वस्तूच्या किमतीएवढा होतो. परत आलेल्या पार्सलवर भारतीय कस्टम आयात कर लावू शकतं. तो टाळायला हा आपलाच निर्यात केलेला माल आहे, हे कागदांनी दाखवावं लागतं. ४० डॉलरच्या वस्तूसाठी त्या भानगडीत पडण्यापेक्षा फोटो मागून अर्धी रक्कम परत देणं किंवा वस्तू त्याच्याकडेच राहू देऊन पूर्ण परत देणं स्वस्त पडतं. परतीचं धोरण मात्र लिखित हवं. युरोपीय संघातल्या आणि ब्रिटनच्या ग्राहकाला ऑनलाइन खरेदी १४ दिवसांत कारण न देता रद्द करायचा हक्क आहे. लवकर नासणाऱ्या आणि त्याच्या मागणीनुसार खास बनवलेल्या वस्तूंना तो लागू नाही. नाव कोरून दिलेला नग म्हणूनच वेगळा नोंदवा.

रिफंड दिलात की ज्या व्यवहारातून पैसे आले त्याच व्यवहारावर बटण दाबून द्या. वेगळ्या मार्गानं पैसे पाठवले तर कार्डाच्या यंत्रणेला ते दिसत नाहीत आणि चार्जबॅक स्वतंत्रपणे येतो. कार्डावर रिफंड दिसायला पाच ते दहा कामकाजाचे दिवस लागतात. या काळात ‘पैसे आलेच नाहीत’ म्हणून तक्रार होते, तेव्हा गेटवेकडून एआरएन घेऊन ग्राहकाला कळवा. हा २३ आकडी क्रमांक असतो आणि त्यावरून त्याची बँक रिफंड शोधू शकते.

मोठी ऑर्डर आणि लबाड गिऱ्हाईक

एखाद्या कंपनीनं दिवाळीच्या भेटींसाठी दोनशे संच मागवले तर कार्ड नको. बँक ट्रान्सफर घ्या : अर्धे आगाऊ, उरलेले माल रवाना होण्याआधी. बँकेत हे पैसे पी०१०३ या पर्पज कोडखाली, निर्यातीची आगाऊ रक्कम म्हणून नोंदतात. स्विफ्टची, म्हणजे परदेशी बँकेनं पैसे पाठवल्याच्या संदेशाची प्रत मेलवर आली म्हणजे पैसे आले असं नाही. ती प्रत कुणीही बनवू शकतं. खात्यात जमा आणि बँकेचं परकी चलन मिळाल्याचं पत्र, यानंतरच कारागिराला काम सांगा. परदेशी चेक तर घेऊच नका, वटायला आठवडे लागतात आणि नंतर परत येतो.

जास्त पैसे पाठवून ‘उरलेले माझ्या शिपिंग एजंटला द्या’ म्हणणारा हा हमखास ठग. पैसे चोरीच्या कार्डाचे असतात. ते पूर्ण परत जातात आणि एजंटला दिलेले तुमच्या खिशातले. ‘पेपालनं पैसे धरून ठेवलेत, ट्रॅकिंग क्रमांक टाकला की सुटतील’ हा मेलही बनावट. मेलमधल्या दुव्यावर न जाता स्वतः खात्यात शिरून शिल्लक बघा. आणि गिऱ्हाइकानं स्वतःचा कुरियर किंवा स्वतःचं लेबल पाठवलं तर पार्सल कुठे गेलं यावर तुमचा ताबा राहत नाही, म्हणून नाही म्हणा.

डिस्प्यूट आलाच तर

पहिलं काम, अंतिम तारीख कॅलेंडरवर टाकणं. गेटवेनुसार सात दिवस ते तीन आठवडे मिळतात. ती चुकली की हरलात. पेपालवर पहिल्या टप्प्यात खरेदीदाराशी बोलायला २० दिवस असतात. त्यात त्यानं प्रकरण दाव्यापर्यंत नेलं नाही तर ते आपोआप बंद होतं, नेलं तर तुम्हाला उत्तराला १० दिवस. या पहिल्या टप्प्यात मिटवणं सगळ्यात सोपं.

कार्डाचा चार्जबॅक लागल्यावर मात्र घाईनं रिफंड देऊ नका. रक्कम आधीच वळती झालेली असते. वर रिफंड दिलात तर दोनदा गेली. ग्राहकाशी समेट झाला आणि तो ‘मागे घेतो’ म्हणाला तर त्याच्याकडून तसा मेल घ्या आणि तरीही पुरावे वेळेत भरा, कारण त्यानं बँकेला फोन करायचं विसरणं फार सोपं आहे.

पुरावे बहुधा एकदाच देता येतात. एक पान इंग्रजी पत्र : ऑर्डर कधी, काय, किती, रवाना कधी, ट्रॅकिंग क्रमांक, पोच कधी, ग्राहकाचं त्यानंतरचं म्हणणं. तक्रारीच्या कारणालाच उत्तर द्या, रागाचं वाक्य एकही नको. मागे चार-पाच पानांची जोडपत्रं, मोठ्या अक्षरात, महत्त्वाची ओळ अधोरेखित. एनआरआय गिऱ्हाइकांशी आपलं चॅट मराठीत असतं. ‘मिळालं हो, काजू मस्त आहेत’ हा तुमचा सगळ्यात भक्कम पुरावा आहे, पण वाचणाऱ्याला मराठी येत नाही. प्रत्येक ओळीखाली इंग्रजी भाषांतर टाका. फोनवर झालेलं बोलणं पुराव्यात शून्य, म्हणून फोन ठेवल्यावर दोन ओळींचा मेल पाठवायची सवय लावा. निकालाला दोन-अडीच महिने लागू शकतात.

वीस-पंचवीस डॉलरचा डिस्प्यूट, पुरावा अर्धवट आणि चूक थोडी आपलीही, अशा वेळी तो सोडून द्यावा. तो वेळ पुढच्या ऑर्डरीचं वर्णन सुधारण्यात जास्त कारणी लागतो.

भारतातल्या बाजूचे कागद

विक्री आयई कोड (आयात-निर्यात करणाऱ्याचा नोंदणी क्रमांक) घेऊन करा. अर्जाची फी ५०० रुपये. पार्सल टपालानं पाठवताना डाकघर निर्यात केंद्रातून पोस्टल बिल ऑफ एक्सपोर्ट (टपालानं जाणाऱ्या निर्यातीचा कस्टमचा कागद) भरा. असं केलं की प्रत्येक निर्यातीसमोर आलेली रक्कम बँकेच्या नोंदीत जुळवावी लागते, आणि चार्जबॅकनं पैसे परत गेले तर ती नोंद उघडी राहते. गेटवेचं डिस्प्यूटचं पत्र आणि निकाल घेऊन बँकेला लेखी कळवा. जीएसटीच्या हिशेबात काय दाखवायचं ते सीएला त्याच वेळी विचारा. गेटवे निवडताना तो रिझर्व्ह बँकेच्या चौकटीतला, परदेशी पैसे गोळा करून देणारा म्हणजेच सीमापार पेमेंट अ‍ॅग्रीगेटर आहे का, हे बघा. या मार्गाला २५ लाख रुपयांची मर्यादा आहे, आपल्याला ती आडवी येत नाही.

प्रत्येक ऑर्डरीचा एक फोल्डर करा : बिल, ग्राहकाशी बोलणं, पॅकिंगचे फोटो, वजनाची पावती, कस्टम फॉर्म, पोचेची पीडीएफ. ५४० दिवसांची मर्यादा धरली तर तो किमान दीड वर्ष हाताशी हवा. जीएसटीचे कागद तसेही वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवावे लागतात. फोटो त्याच फोल्डरमध्ये टाकले की दुसरी व्यवस्था लागत नाही.